जुन्या स्पोर्ट्स कारला स्टिरिओ लावायचाय, पण कोणत्या काळातला?

पोर्शेने २०२० मध्ये आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी एक नवा रेडिओ काढला. दोन टोकांना दोन गोल बटणं, मधे साडेतीन इंची स्क्रीन, दिसायला त्या डॅशबोर्डवर खपून जाणारा आणि आत नकाशे, ब्लूटूथ, कारप्ले सगळं. साधारण त्याच सुमारास ब्लाउपुंक्ट या जर्मन ब्रँडच्या नावाने ब्रेमेन एसक्यूआर ४६ हा १९८० च्या दशकातला रेडिओ परत आला, चेहरा तोच आणि आतला माल आजचा. म्हणजे जुन्या गाडीला जुना दिसणारा रेडिओ हा आता चार हौशी लोकांचा चाळा राहिलेला नाही, मोठ्या कंपन्या त्यात उतरल्यात.

पण ज्याच्याकडे अशी गाडी आहे किंवा जो घ्यायच्या विचारात आहे त्याचा गोंधळ यामुळे वाढलाच आहे, कारण एक जण म्हणतो ओरिजिनलच हवा, दुसरा म्हणतो दिसला जुना की बास, तिसरा म्हणतो चांगला जपानी डेक (डॅशमध्ये बसणारा रेडिओ-प्लेयरचा डबा) टाक आणि मजा कर. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: रेडिओ बाहेरून गाडीच्या काळाचा हवा, आतून गाडीच्या विजेला झेपणारा हवा, आणि उद्या काढला तर गाडी आधी होती तशी राहायला हवी. बहुतेक लोक सगळा पैसा आणि सगळं डोकं पहिल्या गोष्टीवर खर्च करतात आणि पुढच्या दोन गोष्टींवर आपटतात, म्हणून या लेखात त्या दोनवर जास्त बोलणार आहे.

## "पिरियड करेक्ट" म्हणजे नेमकं कुठलं साल?

पिरियड करेक्ट म्हणजे गाडीच्या काळाला जुळणारा. गाडी १९६५ ची म्हणून रेडिओही १९६५ चाच, असा हिशोब लोक लावतात. तसं असायलाच पाहिजे असं नाही. त्या काळी कितीतरी स्पोर्ट्स कार कारखान्यातून रेडिओशिवायच निघायच्या, रेडिओ हा वेगळे पैसे देऊन घ्यायचा प्रकार होता, किंवा डीलर बसवून द्यायचा, किंवा मालक दोन-चार वर्षांनी स्वतः कुठूनतरी बसवून घ्यायचा. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा की ही गाडी नवी असताना, तिच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाने यात काय लावलं असतं? मी ढोबळ मानाने गाडीच्या सालापासून पुढची पाच-सात वर्षं पकडतो. १९६६ च्या गाडीत १९७१ चा कॅसेटवाला रेडिओ असेल तर मला तो अजिबात खटकत नाही. त्याच गाडीत हिरव्या डिजिटल आकड्यांचा १९८५ चा डेक मात्र लगेच डोळ्यात खुपतो.

एक सापळा आहे. काही मॉडेल्स वर्षानुवर्षं जवळपास त्याच डॅशबोर्डने चालली, ९११ चं उदाहरण घ्या, १९६४ ते १९८९ पर्यंत डॅशबोर्डची ठेवण ओळखू येईल इतकी सारखी. तिथे "या मॉडेलला हा रेडिओ यायचा" एवढं ऐकून चालत नाही, कोणत्या सालच्या गाडीला यायचा ते बघावं लागतं.

## कोणत्या काळात गाडीत काय वाजायचं?

इथे थोडा इतिहास लागतो, पण उपयोगाचा.

अमेरिकेत १९३० मध्ये मोटोरोलाचा ५टी७१ आला, खपलेला पहिला कार रेडिओ म्हणून तोच धरतात. युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा एएस ५ आला आणि तो एवढा अवजड होता की मुख्य डबा एकीकडे आणि कंट्रोल स्टीअरिंगजवळ. हे सगळे व्हॉल्व्हवाले रेडिओ, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात आणि गाडीत मिळतात ६ नाहीतर १२, म्हणून आत व्हायब्रेटर नावाचा एक भाग असायचा जो सेकंदाला कितीतरी वेळा करंट चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वाढवायचा. चालू केल्यावर आधी येणारी ती गुणगुण त्याचीच. १९५० च्या दशकातल्या गाडीत खरा त्या काळचा रेडिओ हवा असेल तर ही गुणगुण आणि गरम व्हायला लागणारा वेळ दोन्ही स्वीकारावं लागतं.

१९५२ मध्ये ब्लाउपुंक्टने एफएमवाला पहिला कार रेडिओ काढला, १९५३ मध्ये बेकरचा मेक्सिको आला जो बटण दाबल्यावर स्टेशन स्वतः शोधायचा. बेकर हे नाव लक्षात ठेवा, त्या काळातल्या मर्सिडीजमध्ये सर्रास दिसतं आणि २८० एसएल सारख्या गाडीत बेकर युरोपा किंवा ग्रां प्री असला की बघणारा पुढे काही विचारतच नाही. ब्रिटिश गाडी असेल तर रेडिओमोबाईल, इटालियन असेल तर ऑटोव्हॉक्स किंवा व्हॉक्सन, अमेरिकन असेल तर जनरल मोटर्सच्या गाडीत डेल्को. म्हणजे नुसतं साल जुळवून भागत नाही, गाव पण जुळलं तर बरं. अल्फा रोमिओत ब्लाउपुंक्ट चालतो, तो तसा सगळीकडेच जायचा, पण अल्फात डेल्को दिसला की काहीतरी उचलून आणलंय हे कळतंच.

१९५५ च्या शेवटी क्रायस्लरने १९५६ च्या मॉडेल्ससाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ दिला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत व्हॉल्व्ह गाडीतून गेले. त्याच क्रायस्लरने गाडीत रेकॉर्ड प्लेयर पण देऊन बघितला होता, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा. रस्त्यावर तबकडी वाजवायची ही कल्पना फार टिकली नाही हे वेगळं सांगायला नको.

स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा आवाज. तो रेडिओवर अमेरिकेत १९६१ मध्ये सुरू झाला, पण गाडीत तो आधी टेपच्या रूपात रुळला. १९६६ च्या मॉडेल्सना फोर्डने एट-ट्रॅक टेपचा पर्याय दिला, हा बिल लिअर या अमेरिकन संशोधकाचा प्रकार, टेपचं न संपणारं वेटोळं, त्यामुळे मागे फिरवता येत नाही आणि कधी कधी गाण्याच्या मधेच खट्ट आवाज होऊन ट्रॅक बदलतो. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये दाखवली आणि १९६८ मध्ये कॅसेटवाला कार रेडिओ काढला. शेवरोलेच्या कॉर्व्हेटला एएम-एफएम स्टिरिओ रेडिओचा पर्याय १९६८ पासून. म्हणजे १९६० च्या आधीच्या गाडीत "स्टिरिओ" असं ठळक लिहिलेला रेडिओ आहे याचा अर्थ तो नंतर आलेला आहे, ते चुकीचं नाही पण माहीत असू द्या. १९७० चं दशक कॅसेटचं, त्याच्या शेवटाला डिजिटल आकडे, १९८४ मध्ये पायोनियरचा गाडीतला सीडी प्लेयर, आणि समोरचा चेहरा काढून खिशात घालायची सोय १९९० च्या आसपास.

## खाच बसेना, मग कापू का?

नाही. एकदम सरळ उत्तर.

जुने रेडिओ दोन दांड्यांवर बसायचे: डॅशबोर्डला दोन भोकं आणि मधे डायलसाठी एक चौकोनी खिडकी, डावीकडे आवाज आणि उजवीकडे स्टेशन. नंतर जर्मनीत एक माप ठरलं ज्याला डिन म्हणतात, तेच पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर गेलं, खाच १८२ बाय ५३ मिलिमीटर. आज बाजारात मिळणारा साधा डेक या मापाचा असतो, आणि हा डेक दोन भोकांच्या डॅशमध्ये बसवायला गेलं की कोणीतरी करवत हातात घेतं. गेल्या चाळीस वर्षांत हजारो चांगले डॅशबोर्ड असेच गेले. रेडिओ बदलता येतो, कापलेला पत्रा किंवा लाकूड परत येत नाही, आणि काही गाड्यांचे डॅश आता मिळतच नाहीत.

१९६३ ते ६७ च्या कॉर्व्हेटमध्ये तर रेडिओची खाचच उभी आहे, तिथे कुठलाही आडवा डेक बसत नाही. अशा गाड्यांसाठी दोन दांड्यांमधलं अंतर कमी-जास्त करता येणारे नवे रेडिओ मिळतात, किंवा त्याच गाडीसाठी बनवलेले. घेताना समोरचं माप सगळे बघतात, खोली कोणी बघत नाही. मागे हीटरचा डबा, वायपरची मोटर, वायरिंगचा गुंता असतो आणि नव्या रेडिओच्या मागे त्याचे स्वतःचे प्लग निघालेले असतात. प्लग धरून खोली मोजा.

वाहनवारसा जपणाऱ्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ट्यूरिन चार्टर नावाचा एक दस्तऐवज आहे, त्यातही साधारण हेच म्हटलंय की बदल करावाच लागला तर मूळ रचना आणि रूप बिघडवू नका, परत पूर्ववत करता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर ठेवा. रेडिओच्या बाबतीत हे पाळणं सगळ्यात सोपं आहे आणि तरी सगळ्यात कमी पाळलं जातं.

## गाडीची वीज: इथे खरी गडबड होते

आता जरा सावकाश वाचा, कारण इथे चुकलं तर रेडिओ जळतो, आणि नशीब वाईट असेल तर वायरिंग पण.

पहिली गोष्ट व्होल्टेज. पोर्शे ३५६ बहुतेक ६ व्होल्टच्या, ९११ पहिल्यापासून १२ व्होल्टची. ६ व्होल्टच्या गाडीत आजचा रेडिओ थेट चालतच नाही, ६ चे १२ करणारा कन्व्हर्टर मधे लावावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे, पॉझिटिव्ह अर्थ (अर्थिंगमधला अर्थ). आजच्या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये उलटं, पॉझिटिव्ह टोक बॉडीला. एमजीबी १९६७ पर्यंत अशी होती, जग्वार ई-टाईपचं ३.८ लिटरचं मॉडेलही. आजच्या रेडिओचा धातूचा डबा आणि अँटेनाच्या वायरचं बाहेरचं आवरण दोन्ही आतून निगेटिव्हला जोडलेलं असतं. आता असा रेडिओ पॉझिटिव्ह बॉडीच्या गाडीत वायरी उलट-सुलट करून जोडला आणि त्याचा डबा डॅशच्या पत्र्याला टेकला की सरळ शॉर्ट. डबा नीट इन्सुलेट केला तरी अँटेनाचा बूड बॉडीला लागलेला असतो, तिथून शॉर्ट होतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

यावर दोन उपाय. एक म्हणजे गाडीच निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची. हे फार अवघड काम नाही, पण डायनॅमोला परत पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) द्यावी लागते, अँमीटरच्या वायरी बदलाव्या लागतात, इलेक्ट्रॉनिक घड्याळ किंवा टॅकोमीटर असेल तर त्याचं बघावं लागतं, आणि मुख्य म्हणजे बॉनेटखाली ठळक लिहून ठेवावं लागतं, नाहीतर पुढचा मेकॅनिक बॅटरी जुन्या पद्धतीने लावणार. दुसरा उपाय आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे इनपुट आणि आउटपुटचा एकमेकांशी थेट संबंध नसलेला. घेताना "आयसोलेटेड" आहे ना हे विचारून घ्या, सगळे कन्व्हर्टर तसे नसतात. काही जुन्या रेडिओंना मागे पोलॅरिटीचा खटका किंवा फिरवून लावायचा प्लग असायचा, तुमच्या रेडिओला असेल तर चालू करायच्या आधी तो कुठे आहे ते बघा.

तिसरी गोष्ट, वीज किती आहे. बॅटरीला पाण्याची टाकी समजा आणि डायनॅमोला ती भरणारा नळ. जुन्या ब्रिटिश गाड्यांतला लुकास सी४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना, सिग्नलला गाडी नुसती पुटपुटत उभी असेल तर हा नळ जवळपास बंदच. आता रात्रीची वेळ आणि पाऊस: हेडलाईट नऊ-दहा अँपिअर, मागचे दिवे, वायपर, इग्निशन कॉइल, हीटरचा पंखा. उरलं काय? आणि आजच्या डेकचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो. तो सतत तेवढं खातो असं नाही, साध्या आवाजात दोन-तीनवर भागतं, पण वेगळा अँप्लिफायर आणि सबवूफर जोडलात तर टाकी रिकामी होणारच. म्हणून डायनॅमोच्या गाडीत मोठी सिस्टीम लावायचा विचार सोडा किंवा आधी अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागचं नवं, जास्त वीज देणारं यंत्र) लावा, आणि अल्टरनेटर लावायचा तर पुन्हा निगेटिव्ह अर्थचा विषय येतोच.

## पण डब्यावर तर "५० वॅट गुणिले ४" लिहिलंय

लिहू द्या. हा हिशोब एकदा समजून घेतला की दुकानदाराच्या बोलण्याला फसायची वेळ येत नाही.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. साध्या पद्धतीच्या अँप्लिफायरला त्यातले वर-खाली ७-७ व्होल्ट वापरता येतात, आणि ४ ओहमच्या स्पीकरवर त्यातून निघतात जेमतेम ६ वॅट. १९७० च्या दशकातल्या रेडिओंवर पाच-सहा वॅटचे आकडे दिसतात ते याचमुळे, तेव्हाचे इंजिनिअर मठ्ठ होते म्हणून नाही. नंतर स्पीकरच्या दोन्ही वायरी उलट दिशेने हलवायची युक्ती आली, तिला ब्रिज म्हणतात, त्यात पूर्ण १४ व्होल्ट वापरता येतात आणि आकडा चौपट होतो, म्हणजे कागदावर २४ आणि प्रत्यक्षात १८-२०. १४ व्होल्टवर याच्या पुढे जायचं तर आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सर्किट लागते जी साध्या डेकमध्ये नसते. ५० हा आकडा क्षणभराच्या, फाटक्या आवाजाच्या मोजमापाचा. बघायचा असतो तो आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद.

या ब्रिजमुळे जुन्या वायरिंगची एक भानगड होते. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर रेडिओकडून यायची आणि दुसरी सरळ बॉडीला. नव्या रेडिओच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एक जरी बॉडीला लागली तरी रेडिओ आवाज बंद करून बसतो किंवा जळतो. म्हणून नवा रेडिओ लावताना प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन वेगळ्या वायरी नव्याने ओढायच्या. जुनी वायर आहे ना तिथपर्यंत, मग जोडून टाकू, असं नाही करायचं.

## मग एवढ्या कमी ताकदीत उघड्या गाडीत ऐकू काय येणार?

हा प्रश्न रास्त आहे. टप काढलेली गाडी, वारा, एक्झॉस्टचा आवाज. इथे लोक वॅट वाढवायला जातात, पण ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला "थोडासा मोठा झाला" एवढाच कळतो.

याच्यापेक्षा स्वस्त रस्ता आहे, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो तो आकडा. एक स्पीकर ८७ चा आणि दुसरा ९३ चा असेल तर फरक ६ डेसिबलचा, म्हणजे ९३ वाला २० वॅटमध्ये तेवढाच वाजतो जेवढा ८७ वाला ८० वॅटमध्ये. रेडिओ तोच, डायनॅमो तोच, फक्त स्पीकर बदलला. जुने कागदी, हलक्या कोनचे स्पीकर याच कारणाने पाच वॅटमध्ये गाडी भरून टाकायचे. माझं ऐकाल तर रेडिओच्या बजेटमधून थोडं कापून स्पीकरला द्या. आणि खोल बासच्या मागे लागू नका, वेगात असताना टायर आणि वाऱ्याची घरघर नेमका तोच भाग गिळते, ऐकू येतो तो मधला पट्टा, जिथे माणसाचा गळा असतो.

स्पीकर कुठे लावायचे हा प्रश्न आहेच, दाराला भोक पाडायचं नाही म्हटल्यावर. मूळ गाडीत डॅशमध्ये किंवा कन्सोलमध्ये एकच स्पीकरची जागा असेल तर दोन कॉइलवाला एकच स्पीकर मिळतो, डावा आणि उजवा दोन्ही चॅनेल त्यात जातात. सिनेमा हॉलचा फील येणार नाही, पण गाण्यातलं काही हरवतही नाही. बाकी पायापाशी बाजूच्या पॅनेलमध्ये बसणारे किंवा सीटच्या मागे ठेवायच्या छोट्या बॉक्समधले, कुठेही स्क्रू न मारता. आणि इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा ओहममधला रोध, बघा: जुन्या रेडिओला ८ किंवा १० ओहमचा स्पीकर हवा असेल आणि तुम्ही ४ चा लावलात तर त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर गरम होऊन जाऊ शकतो.

## इंजिन चालू केलं की खरखर

दोन प्रकारची असते. इंजिनच्या वेगाबरोबर टकटक वाढत असेल तर ती स्पार्कची, शिट्टीसारखा आवाज चढत असेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटरची. पहिल्यासाठी रेझिस्टन्सवाल्या प्लगच्या वायरी आणि कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला कॉन्डेन्सर (डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावू नका, इंजिन बिघडेल), दुसऱ्यासाठी चार्जिंगच्या आउटपुटला कॉन्डेन्सर आणि रेडिओची अर्थ वायर नीट घासलेल्या पत्र्यावर. नव्वद टक्के खरखर खराब अर्थिंगमुळे असते असं कोणी म्हटलं तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, पण सुरुवात तिथूनच करा.

फायबरग्लासच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. लोखंडी बॉनेट इंजिनचा विजेचा गोंधळ बऱ्यापैकी अडवतं, फायबर काहीच अडवत नाही. म्हणून रेडिओवाल्या जुन्या कॉर्व्हेटमध्ये इग्निशनवर धातूची चकचकीत झाकणं असायची. ती दिखाव्याची आहेत समजून कोणीतरी काढून ठेवतं आणि मग महिनाभर रेडिओ बदलत बसतं. लोटस इलानसारख्या गाडीत अँटेनाला खाली धातूचा पत्राच मिळत नाही, तिथे आतून जाळी किंवा पत्रा लावून त्याला अर्थ करावं लागतं.

## जुना रेडिओ दुरुस्त केला, पण ऐकायला स्टेशनच नाही

हे होतं. मिडियम वेव्हची केंद्रं बऱ्याच देशांत बंद झालीत, नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रं एफएमवरून पण काढून डिजिटलवर नेली. जपानमधून आलेल्या गाडीचा मूळ रेडिओ असेल तर त्याचा एफएम ७६ पासून सुरू होऊन ९० लाच संपतो, बाकी जगात ८७.५ ते १०८, म्हणजे हातात उरतात दोन-अडीच मेगाहर्ट्झ. अमेरिकेतला डिजिटल ट्यूनिंगचा रेडिओ मिडियम वेव्हवर १०-१० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो आणि इतरत्र केंद्रं ९-९ वर असतात, तो बहुतेक केंद्रांवर बरोबर जागी थांबत नाही. जुना सुई फिरवायचा रेडिओ इथे जास्त शहाणा, कुठेही थांबतो. त्याला मागे किंवा बटणाच्या आड एक बारीक स्क्रू असतो, अँटेना ट्रिमर, अँटेना बदलली की एखादं अशक्त स्टेशन लावून तो सर्वात मोठ्या आवाजावर जुळवायचा. हे न करताच "जुने रेडिओ पकडत नाहीत" म्हणणारे बरेच असतात.

स्टेशन नसतील तर रस्ते तीन. एक, मूळ रेडिओ तसाच ठेवून आत फक्त बाहेरचा आवाज घ्यायची सोय करून घेणं, अँप्लिफायर जुनाच, गाणं मोबाईलमधून. दोन, चेहरा आणि बटणं मूळ ठेवून आतली सगळी सर्किट बदलणं, यात एफएम, ब्लूटूथ, नवा अँप्लिफायर सगळं मिळतं पण जुनी सर्किट गेली, ती परत लावता येईल अशी सांभाळून मागून घ्या. तीन, जुन्यासारखा दिसणारा नवा रेडिओ. कॅसेटवाला डेक चालू स्थितीत असेल तर चौथा रस्ता फुकटात आहे, ब्लूटूथवाली कॅसेट मिळते, आत सरकवायची आणि झालं.

माझी पसंती पहिल्याला. गाडी दुर्मीळ असेल आणि मूळ रेडिओ तिच्यात असेल तर दुसऱ्या रस्त्याला मी जाणारच नाही. गाडी रोजच्या वापरातली, मूळ रेडिओ कधीच गायब झालेला, तर तिसरा बिनधास्त.

## मग सरळ सगळं लपवून का टाकू नये?

टाका की. ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली छोटा ब्लूटूथवाला अँप्लिफायर, डॅशमध्ये जुना रेडिओ नुसता शोभेला. दिसायला एकदम चोख. माझी तक्रार एवढीच की गाडी चालवताना आवाज कमी करायला मोबाईल शोधावा लागतो, आणि जड स्टीअरिंगच्या गाडीत तो उद्योग बरा नव्हे. हाताला लागेल असं एक आवाजाचं बटण कुठेतरी काढून घ्या.

बॅटरीचीही एक शंका नेहमी येते, की नवा रेडिओ बंद असताना पण वीज खातो. खातो. पिवळी वायर कायम चालू असते, मेमरीसाठी. समजा ५ मिलिअँपिअर, तर महिन्याला ३.६ अँपिअर-तास, चांगल्या बॅटरीला जड नाही पण गाडी अख्खा पावसाळा किंवा हिवाळा झाकून ठेवणार असाल तर जाणवेल. बॅटरी कटऑफ स्विच असेल तर स्टेशनं पुन्हा लावायची तयारी ठेवा.

## आणि रेडिओच नको असेल तर?

तर तेही त्या काळाला धरूनच आहे. फेरारी एफ४० १९८७ मध्ये रेडिओशिवाय आली आणि कोणाची तक्रार ऐकली नाही. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत रेडिओच्या जागी एमजी अक्षरं असलेली झाकणपट्टी यायची, ती आज शोधून लावणारे लोक आहेत, आणि मला ती कुठल्याही रेट्रो रेडिओपेक्षा देखणी वाटते.

काही झालं तरी काढलेला जुना रेडिओ, त्याची बटणं, वॉशर, मागची पट्टी एका डब्यात गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, वायरी कुठे होत्या त्याचा फोटो काढून त्याची प्रिंट आत टाका. आणि नंतर कधी टेबलावर चालवून बघायची हुक्की आली तर पोलॅरिटी तपासा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, कित्येक जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचा आउटपुट असाच रिकाम्या लोडवर गेलेला आहे.